प्यो सिस्टरांचा प्रेमळपणा

कोरियाच्या दक्षिण टोकाच्या मोकपो बंदरामागच्या त्या इस्पितळात लिफ्टच्या शेजारी एक फोटो टांगलेला असायचा आणि त्याखाली सोनेरी अक्षरांत ‘या महिन्याचा प्रेमळ कर्मचारी’ असं लिहिलेलं असायचं. महिने बदलायचे, फोटो बहुतेक वेळा तोच राहायचा. चौथ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डच्या इन्चार्ज, प्यो मि-ग्योंग सिस्टर. मान जराशी कललेली, हात पोटावर एकावर एक ठेवलेले आणि तोंडावर ते हसू. दुखणं घेऊन आत आलेल्या माणसाला डॉक्टर भेटायला दुपार व्हायची, पण हे हसू मात्र दारातच भेटायचं.

हसू जन्मजात नव्हतं हो. हेनामच्या रताळ्याच्या शेतावरची ही तिसरी मुलगी. लहानपणी हसल्याची कोणाला आठवण नाही. नर्सिंग शिकली, नोकरीला लागली, आणि सुरुवातीची काही वर्षं इतर चारजणींसारखीच धड ना चांगली, धड ना वाईट अशी काम करत राहिली. एकदा एका म्हाताऱ्याची शीर सापडेना. हाताची चाळण केली तेव्हा त्याने तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका रोग्याच्या मुलाशी ती सहज चार शब्द गोड बोलली, तर त्याने सणाला नासपतींची पेटी पाठवली. प्यो बाईंनी त्यातून आयुष्यभराचा धडा घेतला. शीर शोधण्यात काही राम नाही.

पुढे इस्पितळाला प्रेमळपणाचं वेड लागलं. सोलहून एक शिकवणारी बाई आली. नमस्कार करताना कंबरेत किती वाकायचं, आवाज किती वर चढवायचा, विमानातल्या बायका बोलतात तसं बोलायचं कसं, हे सगळं तिने सभागृहात सगळ्यांना उभं करून शिकवलं. बाकीच्या सिस्टर तोंडावर हात धरून खिदळत होत्या. प्यो बाई मात्र त्यानंतर कितीतरी दिवस बाथरूमच्या आरशासमोर तालीम करत होत्या. सहा महिन्यांत त्या त्यात अशा तरबेज झाल्या की शिकवणाऱ्या बाईने त्यांचा व्हिडिओ काढून नेला. घरी मात्र चेहरा विश्रांती घ्यायचा. नवऱ्याला बायकोचं हसू बघायचं असेल तर त्याने इस्पितळात येऊन लिफ्टशेजारी उभं राहावं, अशी त्यांच्या घरची परिस्थिती होती.

प्रत्येक म्हातारी त्यांची ‘आई’ आणि प्रत्येक म्हातारा ‘बाबा’ असे. आईला संडासाचं भांडं हवं असलं की मात्र दुसऱ्या सिस्टरला हाक जायची. वॉर्डमधल्या एका कपाटाला त्यांनी ‘मायेचं कपाट’ असं नाव दिलं होतं. त्यात विजेवर तापणारी पांघरुणं, शेकायच्या पिशव्या, लोकरीचे मोजे असं सगळं रचून ठेवलेलं असे आणि किल्ली त्यांच्या गळ्यात. पाहुणे आले की कपाट उघडायचं. पाहुणे नसले की रोगी थंडीने कुडकुडला तरी किल्ली गळ्यातच. इतक्या उथळ माणसाला इतकं डोक्यावर घेणारे आम्ही मोकपोचे लोकही काही थोर नाही म्हणा. आम्हाला नमस्कार आवडतो.

त्या वर्षी उपमेट्रनची जागा रिकामी झाली. प्यो बाईंची झोप उडाली. वरच्या मजल्यावरची स्वतःची खोली, गणवेषाऐवजी कोट, आणि रोग्यांच्या वासापासून कायमची सुटका. डायरेक्टर ब्योन साहेबांनी सांगून ठेवलं होतं की निवड करण्याआधी ते स्वतः वॉर्ड बघायला येतील आणि सोबत इस्पितळाच्या मासिकाचा फोटोवाला आणतील. बाईंनी नवी लिपस्टिक घेतली.

नेमकं त्याच दिवशी मेंग आजींना रक्त लावायचं होतं. मेंग बोंग-न्यो, समोरच्या बेटावरची बाई. जन्मभर ओहोटीच्या चिखलात फळीवर गुडघा टेकून सरकत सरकत बिळांतले ऑक्टोपस काढले. गुडघेदुखीच्या गोळ्या मूठ-मूठ खाऊन पोटात जखम झाली आणि त्यातून रक्त वाहून आजी पांढऱ्याफटक पडल्या. खाटेपाशी युन-जी नावाची मुलगी होती. कंत्राटावरची नर्स. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे महिनाअखेर ठरणार होतं. युन-जीचं एकच वाईट होतं, तिला हसता येत नसे. हसायला सांगितलं की दाढ दुखत असल्यासारखी दिसे. घरी आजारी बाप आणि शिकणारा भाऊ असल्यामुळे नोकरी गेली तर तिघांच्याही तोंडचा घास जाणार होता, आणि हे प्यो बाईंना पुरतं ठाऊक होतं.

रक्ताची पिशवी आली तशी युन-जीने शेजारच्या सिस्टरला बोलावलं. दोघींनी खाटेशी उभं राहून पिशवीवरचं नाव, नंबर, गट मोठ्याने वाचला आणि आजींच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिला.

“आजी, नाव सांगा.”

“मघाशी सांगितलं की.”

“परत सांगा.”

“मेंग बोंग-न्यो. विसरत असशील तर हातावर लिहून ठेव, पोरी.”

“रक्तगट?”

“तो तू बघ. मला चिखलातलं बीळ ओळखता येतं, रक्त नाही.”

युन-जी यावरही हसली नाही. तिने ताप पाहिला, बीपी पाहिलं, नळीवरचा चिमटा जरासा सैल केला आणि थेंब अगदी सावकाश पडू दिले. मग खुर्ची ओढून तिथेच बसली. दुसऱ्याचं रक्त अंगाला मानवणार नसेल तर ते बहुधा पहिल्या काही मिनिटांतच कळतं. थंडी भरते, कंबर धरते, श्वास लागतो. म्हणून तेवढा वेळ खाटेपासून हलायचं नसतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवतात. प्यो बाईंनाही कधीकाळी शिकवलं होतंच.

तेवढ्यात दारात डायरेक्टर साहेब, त्यांच्यामागे फोटोवाला आणि सर्वांत पुढे प्यो बाई. बाईंनी एका नजरेत सगळं हेरलं. खिडकीतून छान उजेड येतोय, आजी म्हातारी आणि अशक्त आहे, लाल पिशवीही फोटोत शोभेल. फक्त खुर्चीत तो आंबट चेहरा बसलाय, तेवढा हलवायला हवा.

“युन-जी, साहेबांसाठी मध घालून युजा लिंबाचा गरम चहा आण बरं.”

“इन्चार्ज, रक्त आत्ताच लावलंय. मी इथून हलू शकत नाही.”

“मी बसते ना.” बाईंचा आवाज लोण्यासारखा होता. मग ओठ न हलवता त्या पुटपुटल्या, “ऊठ म्हटलं ना. महिनाअखेर जवळ आलीय.”

“थंडी वाजली, कंबर दुखली तर लगेच...”

“आता तू मला शिकव!” हे बोलतानाही हसू जागचं हललं नव्हतं.

युन-जी गेली. भाऊ आणि बाप डोळ्यांसमोर असले की माणूस उठतोच. बाई खुर्चीत बसल्या आणि आजींचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

“आई, कसं वाटतंय?”

“मी तुझी आई कधी झाले गं? आठ पोरं जन्माला घातली मी, त्यात तू नव्हतीस.”

साहेब खो खो हसले. फोटोवाल्याने दोन फोटो काढले. थोड्या वेळाने आजी म्हणाल्या, “थंडी वाजतेय.”

“रक्त फ्रिजमधून येतं ना आई, गार लागणारच!”

आमच्याकडे आजारी माणसाला भर उन्हाळ्यातही गार पाणी कोणी देत नाही. थंडी वाजली की घरातली खालून तापवलेली जमीन, वर जाड गोधडी, मग सगळं बरं होतं, अशी आमची जन्मापासूनची समजूत. बाई नर्स आहेत हे त्या स्वतःच विसरल्या होत्या, तर ही समजूत बाजूला ठेवायचं त्यांना कुठून सुचणार? आणि समोर कॅमेरा होता. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली आणि मायेचं कपाट थाटात उघडलं. विजेचं पांघरूण आजींच्या गळ्यापर्यंत ओढलं, हाताशी शेकायची पिशवी ठेवली, कडा चारी बाजूंनी खोचल्या.

“कंबर...” आजी म्हणाल्या. “माझी कंबर...”

“आठ बाळंतपणं झाली ना! आम्हा बायकांच्या कंबरेचं हे असंच.” बाईंनी एका हाताने आजींचा हात धरला आणि दुसरा पांघरुणाखाली घालून कंबर चोळायला सुरुवात केली.

“सुंदर! असंच राहू द्या,” फोटोवाला म्हणाला. “सिस्टर, जरा माझ्याकडे बघा.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. आजींचे दात कडकड वाजायला लागले होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं पण जीभ वळत नव्हती. हातातला तो हात घामाने थबथबला होता. चार वेळा बोटं आवळून आजींनी खूण केली. बाईंना वाटलं, म्हातारीला माया दाटून आली. असल्या बाईला नर्स म्हणायचं म्हणजे त्या शब्दाची लाज काढायची.

युन-जी चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिने ते दात पाहिले. ट्रे तिथेच सुटला. कपांचे तुकडे पायाखाली करत ती धावली, नळीचा चिमटा आवळून तिने रक्त थांबवलं आणि पांघरूण ओढून लांब भिरकावून दिलं.

“हो बाजूला!” ती इन्चार्ज बाईंवर ओरडली. वरिष्ठाशी असं एकेरीत बोलणं आमच्याकडे शिवीपेक्षा वाईट. “सरक म्हणते ना! कोणीतरी डॉक्टरांना बोलवा!” तिने बीपीचा पट्टा फुगवून पाहिला. “बीपी सत्तरवर आलंय!”

तिने रक्ताची नळीच काढून टाकली आणि त्याच सुईला नवी नळी जोडून सलाईन सुरू केलं. ऑक्सिजन लावला, पिशवी टाकून न देता जपून बाजूला ठेवली. डॉक्टर हाम धावत आले. मग इंजेक्शनं, धावपळ, लाल लघवी. संध्याकाळी कुठे आजींचा श्वास सरळ चालायला लागला. गट बरोबर जुळला होता. पण पुष्कळ बाळंतपणं झालेल्या बाईच्या अंगात कधीकधी परक्या रक्ताशी जुनं वैर दबा धरून बसलेलं असतं, ते तपासणीत निसटलं होतं. “पिशवी अर्धी जरी गेली असती ना...” एवढंच म्हणून डॉक्टर हातमोजे काढायला लागले.

या सगळ्या वेळात प्यो बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. हसू तसंच होतं, ते काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. काय झालं ते कळलं नाही, असं म्हणायची मात्र सोय नाही. त्यांना सगळं कळलं होतं.

आजींची लेक मी-रान, शहरात भिंतीच्या कागदाचं दुकान चालवायची. गडबड सुरू होतानाच ती दारात पोचली होती. तिने पाहिलं ते एवढंच, की आई थंडीने काकडतेय, एक मुलगी तिचं पांघरूण ओढून फेकतेय आणि वर फोटोतल्या त्या प्रेमळ बाईंवर खेकसतेय. दुसऱ्या दिवशी तिने डायरेक्टर साहेबांसमोर जाऊन टेबल बडवलं. “जनावराचं पांघरूणसुद्धा कोणी असं ओढत नाही! त्या मुलीला काढून टाका!”

साहेबांनी इन्चार्जला बोलावून विचारलं. साहेब तिथेच होते, पण त्यांना साहेब असल्यामुळे काहीच दिसलं नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. त्या मुलीने जीव वाचवला, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

“पोर नवीन आहे हो, साहेब,” बाई हळुवारपणे म्हणाल्या. “मनाने वाईट नाही. घाबरली. जरा प्रेमळपणा शिकायला हवा तिने.”

वर क्षमाशील म्हणून बाईंचंच कौतुक झालं. युन-जीने सांगून पाहिलं की डॉक्टरांना विचारा. डॉक्टर हाम म्हणाले, मी आजार बघतो, वॉर्डातली भांडणं बघत नाही. नेभळट मेला. शेवटी ठरलं असं, की युन-जीने रोज सकाळी गुलाबी पट्टा खांद्यावरून घालून इस्पितळाच्या मुख्य दारात उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला कंबरेत वाकून ‘आपलं मनःपूर्वक स्वागत’ म्हणायचं. महिनाअखेरपर्यंत सुधारली तर ठीक, नाहीतर कंत्राट संपलं. वॉर्डातल्या सगळ्या मुलींना खरं काय ते ठाऊक होतं. सगळ्या माना खाली घालून ताप मोजत राहिल्या.

मासिकही छापून आलं. मुखपृष्ठावर प्यो बाई आजींना पांघरूण घालताहेत. आजींचे दात वाजत होते ते फोटोत हसल्यासारखे दिसत होते.

त्या आठवड्यात ग्वांगजू शहराच्या मोठ्या रक्तपेढीतून आजींसाठी नीट पारखून निवडलेलं रक्त आलं. या वेळी प्यो बाई जातीने पिशवी घेऊन आल्या. काखेत मासिकाची प्रतही होती, मी-रानसाठी. लेकीला ती इतकी आवडली की तिने उभं राहून दोन्ही हातांनी घेतली.

आजी उशीला टेकून तांदळाची पेज खात होत्या. आवाज परत आला होता.

“ती कुठंय?”

“कोण, आई?”

“ती. हसत नाही ती.”

“तिला जरा बाहेरचं काम दिलंय. आज मी स्वतः लावणार, काही काळजी करू नका.”

“तू नको.”

“अगं आई!” मी-रान ओशाळली. “असं काय बोलतेस? यांनी तुझं किती केलं!”

“काय केलं?” आजींनी चमचा वाडग्यात आपटला. “मी थंडी म्हटलं, हिने मला तापवलं. मी कंबर म्हटलं, हिने चोळत बसून बाळंतपणं मोजली. मग माझी जीभ गेली. मी हिचा हात दाबतेय, दाबतेय, आणि ही तिकडे त्या फोटोवाल्याकडे बघून हसतेय! मी मरत होते गं. हिच्या हातात हात होता माझा, आणि हिला पत्ता नाही! त्या पोरीने पांघरूण फेकलं तेव्हा वाटलं, चला, कोणाचं तरी लक्ष गेलं.”

शेजारच्या खाटेवरची बाई टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकत होती.

“आई, तुम्ही तेव्हा भ्रमात होता...” प्यो बाईंनी सुरुवात केली.

“ऑक्टोपस बिळात आहे की नाही हे मला वरून कळतं. भ्रमात असेल तुझी सासू. त्या पोरीला बोलव, नाहीतर ही पिशवी ने आणि तुझ्या कपाटात ठेव. मी घेणार नाही.”

मी-रानने मासिक पुन्हा उजेडात धरलं. मुखपृष्ठावरचे आईचे दात ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने ते गुंडाळून मुठीत धरलं.

प्यो बाई लिफ्टने खाली निघाल्या. एक वाक्य त्यांनी मनात जुळवलंही होतं, त्यात ‘माफ कर’ असा शब्द होता. खाली दारात युन-जी पट्टा घालून उभी होती आणि छत्र्या झटकत येणाऱ्या लोकांपुढे लाकडासारखी वाकत होती.

“युन-जी, वर जा. मेंग आजी रक्त घेईनात. जरा हट्टी आहेत ना.”

तोंडातून निघालं ते असं.

युन-जीने पट्टा काढून त्यांच्या हातात ठेवला. “फ्रिजमधून काढल्यापासून पिशवी बाहेर किती वेळ आहे?” एवढं विचारून, उत्तराची वाट न बघता ती जिन्याने पळत वर गेली.

बाई पट्टा हातात घेऊन उभ्या होत्या तेवढ्यात ब्योन साहेबांची गाडी आली.

“दार रिकामं? त्या मुलीने इथलंही काम सोडलं की काय?”

साहेब समोर होते, जवळपास कोणी नव्हतं, लाज वाटायला दुसरं माणूस नव्हतं. बाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. आणि मग पट्टा डोक्यावरून घालून खांद्यावर नीट बसवला.

“आज मी उभी राहते, साहेब. कामाला लहान-मोठं काय?”

“वा!” साहेब म्हणाले. “उपमेट्रन असावी तर अशी.” ते आपल्या ऑफिसकडे गेले.

बाईंनी स्वागत सुरू केलं. काय वाकत होत्या! त्या दारात इतका सुरेख नमस्कार कधी कोणी केला नसेल. प्लास्टरमध्ये हात घातलेला एक कोळी तर परत फिरून दुसऱ्यांदा आत आला. या बाईची खरी जागा कोणती, ते इस्पितळाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

लिफ्टचं दार उघडलं आणि मी-रान बाहेर आली, मुठीत तेच गुंडाळलेलं मासिक. तिने चौकीदाराला विचारलं, “डायरेक्टर कुठे बसतात?” त्याने प्यो बाईंच्या मागचा दरवाजा दाखवला. ती सरळ त्यांच्याकडेच चालत आली.

बाईंचे हात आपोआप पोटावर एकावर एक आले, मान कलली आणि त्या जितकं वाकता येईल तितकं वाकल्या.

“आपलं मनःपूर्वक स्वागत.”

वळून पाहिलं तेव्हा मी-रानच्या पाठीमागे साहेबांच्या खोलीचं दार आतून बंद होत होतं.